वाचक विचारतात: प्लॅब झाली, पण ट्रेनिंगचं काय?

प्रश्न: मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजमधून माझं एमबीबीएस झालंय, इंटर्नशिपपण संपली. नीट पीजीला हवी ती ब्रँच मिळेल अशी रँक आली नाही आणि मॅनेजमेंट कोट्याचा आकडा ऐकून बाबा गप्पच बसले, त्यांचं मार्केट यार्डात हळदीचं दुकान आहे. मैत्रिणी म्हणतात प्लॅब, म्हणजे इंग्लंडमध्ये डॉक्टरकी करायच्या रजिस्ट्रेशनची परीक्षा, दे आणि तिकडं जा, दोन-तीन वर्षांत स्पेशालिस्ट होशील. बर्मिंगहॅमचा मावसभाऊ म्हणतो आता इकडे येऊच नको. कुणाचं ऐकू? (एक डॉक्टर, सांगली)

उत्तर: मावसभावाचं ऐका ताई, निदान आत्तापुरतं तरी. तो तुमच्या वाईटावर नाहीये, तिथली परिस्थिती रोज बघतोय म्हणून बोलतोय.

आपल्याकडं तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत टाकतात. तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन ही एक, नोकरी दुसरी आणि स्पेशालिटी ट्रेनिंगची सीट तिसरी. प्लॅबनं फक्त पहिली मिळते. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा आधी, आयईएल्ट्स ॲकॅडमिकला एकूण ७.५ आणि प्रत्येक भागात किमान ७ लागतात, किंवा ओईटी या आरोग्यक्षेत्रातल्या लोकांच्या इंग्रजी परीक्षेला चारही भागांत बी ग्रेड. मग प्लॅब १, तीन तासांत १८० प्रश्न, ही भारतात देता येते. प्लॅब २ मात्र मँचेस्टरलाच जाऊन द्यायची.

प्लॅब २ मध्ये आपली हुशार पोरं का अडकतात ते सांगतो. परीक्षेत एकेका केसचं टेबल म्हणजे स्टेशन, त्याला आठ मिनिटं असतात आणि समोर पेशंट म्हणून ॲक्टर बसलेला असतो. आपल्याला सवय सिव्हिलच्या ओपीडीची, टेबलाभोवती पंधरा माणसं, कुठं दुखतंय, कधीपासून, झोपा इथं, ही गोळी घ्या, पुढचा. तिथं त्या माणसाला नक्की कसली भीती वाटतेय हे विचारावं लागतं, पर्याय समजावून सांगून त्याचं मत घ्यावं लागतं. डायग्नोसिस बरोबर आलं तरी हे केलं नाही तर मार्क जातात. आणि मला विचाराल तर हे बरोबरच आहे, आपल्याकडंही हे शिकवायला हवं.

आता नोकरी. ट्रेनिंगबाहेरच्या ज्या ज्युनियर जागा असतात, ट्रस्ट ग्रेड किंवा क्लिनिकल फेलो म्हणतात त्यांना, त्यांची जाहिरात आली की अर्जांचा एवढा ढीग पडतो की कधी कधी मुदतीआधीच ती बंद करतात. दोन्ही प्लॅब पास होऊन महिनोन्‌महिने रिकामी बसलेली मुलं आहेत, घरच्यांना सांगायची लाज वाटते म्हणून बोलत नाहीत एवढंच.

ट्रेनिंगचं तर अजून अवघड. २०२५ मध्ये साधारण १०,००० जागांसाठी ३०,००० च्या वर अर्जदार होते. त्याच वर्षी जुलैत तिथल्या सरकारनं आरोग्याचा दहा वर्षांचा प्लॅन काढला त्यात तिथंच शिकलेल्या डॉक्टरांना ट्रेनिंगमध्ये आधी जागा देऊ असं लिहिलं, आणि जानेवारी २०२६ मध्ये तसं विधेयकच संसदेत आणलं. म्हणजे बाहेरून येणाऱ्यांचा नंबर मागं गेला. आणि दोन-तीन वर्षांत स्पेशालिस्ट हे तर सोडूनच द्या, मेडिसिनकडं जायचं तर आधी तीन वर्षं इंटर्नल मेडिसिन ट्रेनिंग, मग पुढची स्पेशालिटी अजून चार-पाच वर्षं, तेव्हा कुठं सीसीटी म्हणजे ट्रेनिंग पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेट हातात येतं. तीन वर्षांत संपतं ते जीपीचं म्हणजे फॅमिली डॉक्टरचं ट्रेनिंग, पण त्यालाही रांग आहेच.

मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? सरकारी कॉलेज म्हणजे एक वर्षाच्या सरकारी सेवेचा बाँड तुमच्या डोक्यावर आहेच, तो टाळायचा तर १० लाख भरावे लागतात. ते भरू नका. जत, आटपाडीकडच्या एखाद्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, ते वर्ष मन लावून काढा, डिलिव्हरी, सर्पदंश, ताप, सगळं हाताखालून जातं, आणि सोबत नीट पीजीची तयारी करा. एमडीच पाहिजे असा हट्ट नको, एमडीच्या बरोबरीची डीएनबीसुद्धा बघा. परदेशात जायचंच असेल तर इथली पीजी करून जा, तेव्हा हातात काहीतरी असतं. प्लॅब १ घाईनं देऊन ठेवायलाही अर्थ नाही, ती पास झाल्यावर दोन वर्षांत प्लॅब २ व्हावी लागते.

प्रश्न: मी साताऱ्यात फिजिशियन आहे, एमडी मेडिसिन होऊन सहा वर्षं झाली. इंग्लंडला गेलो तर थेट कन्सल्टंट, म्हणजे तिथला सर्वांत वरचा स्पेशालिस्ट, होता येईल की पुन्हा ज्युनियर म्हणून सुरुवात? (एक फिजिशियन, सातारा)

उत्तर: डॉक्टर, खरं सांगायचं तर दोन्हीच्या मधलं काहीतरी. आपली एमडी तिथं आपोआप धरत नाहीत. पण तुम्ही प्लॅबच्या वाटेला जाऊच नका, एमआरसीपी ही तिथली फिजिशियनची परीक्षा करा. पार्ट १, पार्ट २ आणि पेसेस हे तिन्ही झालं की त्याच्यावरच रजिस्ट्रेशन मिळतं, प्लॅब लागत नाही. पेसेस ही खऱ्या पेशंटवरची परीक्षा, तुमची रोजची प्रॅक्टिस तिथं उपयोगाला येईल.

गेल्यावर बहुतेक मिडल ग्रेड किंवा स्पेशालिटी डॉक्टर म्हणून लागाल. कायमची कन्सल्टंट पोस्ट हवी तर नाव तिथल्या मेडिकल कौन्सिलच्या स्पेशालिस्ट रजिस्टरवर असावं लागतं, आणि ट्रेनिंगची सीट न घेता तिथं पोचायचा रस्ता म्हणजे पोर्टफोलिओ पाथवे, आधी याला सीईएसआर म्हणायचे, २०२३ च्या शेवटी नाव आणि नियम बदलले. यात तुमचं ज्ञान आणि काम तिथल्या कन्सल्टंटच्या तोडीचं आहे हे कागदावर सिद्ध करायचं असतं. इथंच आपले लोक मार खातात, कारण काम डोंगराएवढं केलेलं असतं आणि कागद एकही नसतो.

म्हणून आजपासून केस लिहून ठेवायला लागा. पेशंटचं नाव, नंबर नीट झाकून, काय झालं, तुम्ही काय ठरवलं, आणि त्यावर हॉस्पिटलच्या वरिष्ठांची सही-शिक्का. ऑडिट म्हणजे आपल्याच उपचारांची तपासणी केली, नर्सना शिकवलं, सीएमईला म्हणजे डॉक्टरांच्या शिक्षणसत्रात बोललात तर त्याचेही कागद. सही लगेच घ्या, चार वर्षांनी मागायला गेलात की ते सर रिटायर झालेले असतात. भारतातलं कामही यात दाखवता येतं, आणि पुरावा जितका अलीकडचा तितकं त्याला वजन.

आणि नाव तपासा! आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, डिग्रीवर वेगळा क्रम, पासपोर्टवर तिसराच, आणि मिसेसही डॉक्टर असतील तर लग्नाआधीचं नाव डिग्रीवर आणि नंतरचं पासपोर्टवर. डिग्रीचं व्हेरिफिकेशन आणि रजिस्ट्रेशन यातच महिने जातात. गॅझेट, ॲफिडेव्हिट काय लागेल ते आधी करून ठेवा.

प्रश्न: अमेरिका जास्त बरी का? (एक इंटर्न, कऱ्हाड)

उत्तर: पैसा तिथं जास्त आहे, पण इथं एमडी केली असली तरी रेसिडेन्सी म्हणजे तिथलं स्पेशालिटी ट्रेनिंग पहिल्यापासून, इंटर्नल मेडिसिनला तीन वर्षं. तिथल्या लायसन्सच्या परीक्षेची, यूएसएमएलईची, स्टेप १ जानेवारी २०२२ पासून नुसती पास-फेल आहे, त्यामुळे सगळा भार स्टेप २ सीकेच्या मार्कांवर आलाय. जे-१ या ट्रेनिंगच्या व्हिसावर गेलात तर ट्रेनिंगनंतर दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते, नाहीतर डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम करून सूट घ्यावी लागते. जायचं असेल तर इंटर्नशिपमध्येच ठरवा, एमडी झाल्यावर नको.

प्रश्न: मुलाला लंडनच्या हॉस्पिटलात अटॅचमेंट आणि पुढं नोकरीची गॅरंटी देतो म्हणून एक एजंट काही लाख मागतोय. जमीन गहाण ठेवायचा विचार आहे. (एक पालक, विटा)

उत्तर: दादा, जमिनीला हात लावू नका. क्लिनिकल अटॅचमेंट म्हणजे काही आठवडे बिनपगारी उभं राहून बघणं, पेशंटवर उपचार करायची परवानगी नसते. मुलगा स्वतः तिथल्या कन्सल्टंटना ईमेल करून ती मागू शकतो, काही हॉस्पिटलं फी घेतात पण ती थेट त्यांनाच भरायची असते. नोकरीची गॅरंटी तर कुणीच देऊ शकत नाही, जागेची जाहिरात निघते आणि मुलाखत होते. पैसे आधीच दिले असतील तर लेखी पावती आणि कशासाठी घेतले ते लिहून मागा, टाळाटाळ केली तर सरळ पोलिसात तक्रार द्या.