बूस्टचे तीन हजार

पोरी,

परवा तुझा फोन आला आणि रात्री नीट झोप लागली नाही. वऱ्हाडी किश्श्यांच्या तुझ्या साइटला दोन वर्षं झाली, वाचणारे चारशेच्या वर जाईनात, म्हणून बाबांच्या तुरीतले तीन हजार 'बूस्ट'ला, म्हणजे पैसे देऊन किस्से जास्त लोकांना दाखवायला, घालायचे आणि वर कृषी केंद्रवाल्याची जाहिरातही पानावर घ्यायची, असं तू एका दमात सांगितलंस. मी तेव्हा गप्प राहिलो, आता लिहितो.

तीन हजार घालू नको.

पोळ्याला तोरणाखाली बैलांच्या जोड्या उभ्या राहिल्या की कुणीतरी झडती म्हणतो, टोमणे मारणारं तुकबंद गाणं. सरपंचावर, सोसायटीवर, कापसाच्या भावावर. झणझणीत असली तर दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या गावात पोचलेली असते. तिची पत्रकं कोण वाटतं? ज्याच्या कानावर पडली त्यालाच राहवत नाही, तोच ती घेऊन जातो. ऐकणाऱ्याला दुसऱ्याला सांगितल्याशिवाय राहवलं नाही पाहिजे, एवढंच मला कळतं, आणि ते कळायला माझी वीस वर्षं गेली.

तू म्हणशील, काका, नेटचं वेगळं असतं. काही वेगळं नसतं. अमेरिकेत अटलांटाच्या मॅट आणि माइक चॅपमन या भावांनी २००० साली होमस्टार रनर ही साइट काढली. कार्टून फुकट, आणि पानावर जाहिरात नाही. त्यातला स्ट्राँग बॅड नावाचा मुखवटेवाला दांडगा लोकांनी पाठवलेल्या ईमेलना उत्तरं द्यायचा. ज्याचं पत्र निवडलं गेलं तो चार दोस्तांना दाखवल्याशिवाय राहील का? साइटचा खर्च टी-शर्ट विकून निघायचा. तुझ्याकडे लोकांचे एवढे मेसेज येतात. त्यातल्या एकाला तरी किश्श्यात घेतलंस का कधी?

दुसरा रँडल मन्रो. नासाच्या लँगली केंद्रात यंत्रमानवांवर काम करायचा. वह्यांमध्ये काढलेली काड्यांची माणसं त्यानं स्कॅन करून २००५ मध्ये नेटवर टाकली, ती एक्सकेसीडी नावाची चित्रमालिका. सोमवार, बुधवार, शुक्रवार, नवं चित्र. चित्रावर माउस ठेवला की आणखी एक ओळ उमटते, आणि ती ज्याला सापडते तो बाजूच्याला दाखवतोच. विकायचं नाही आणि नाव द्यायचं, एवढ्या अटीवर चित्रं कुणीही नेऊन आपल्याकडे लावावीत, अशी त्याची परवानगी आहे. तू मात्र किश्श्यावर आडवा शिक्का मारतेस आणि कॉपी बंद करून ठेवतेस. सांगणाऱ्याचं तोंड आपणच बांधायचं आणि मग बूस्टला पैसे द्यायचे?

मन्रोचे विनोद गणितवाल्यांचे, कॉम्प्युटरवाल्यांचे. सगळ्यांना कळावेत म्हणून तो ते पातळ करत बसला नाही. तू 'भैताड' लिहितेस आणि पुण्याचा वाचक अडेल म्हणून कंसात अर्थ देतेस. काढ तो कंस. दारव्ह्याच्या बसस्टँडवरच्या माणसाला ते वाक्य आपलं वाटलं तर तोच पुण्यातल्या भाच्याला पाठवेल, आणि अर्थही तोच सांगेल.

आता जाहिरातीचं. माझ्या साप्ताहिकात शेतकरी आणि त्याचा बैल यांच्या गप्पांचं सदर होतं. चहाच्या टपरीवर एकजण मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे. एका हंगामात बियाणं उगवलंच नाही, तेव्हा बैलाच्या तोंडी मी जे लिहिलं ते त्या वर्षातलं सगळ्यात चांगलं होतं. पण शेवटच्या पानावर बियाणं विकणाऱ्याचीच जाहिरात होती. मी सदर काढलं आणि तिथे पाककृती छापली. कागदाची उधारी होती, छापखान्यातल्या दोन माणसांचे पगार थकले होते, तुझ्या काकूचं ऑपरेशन झालं होतं. मी चुकलो असं मी अजूनही सरळ म्हणू शकत नाही. माझ्या जागी तू काय केलं असतंस, सांग. पण टपरीवरचं वाचन त्यानंतर दोन-तीन महिन्यांत थांबलं. अंक येत होता. त्यात कुणाला सांगावं असं काही उरलं नव्हतं.

म्हणून कृषी केंद्रवाल्याला नाही म्हण. चांगला माणूस आहे, गोड बोलून नाही म्हण. उद्या खताच्या लिंकिंगवर लिहायची वेळ येईल, युरियाच्या गोणीबरोबर सक्तीनं गळ्यात मारलेल्या नको त्या बाटलीवर, आणि तुझा हात अडेल. पैसे लागतातच, मला शिकवू नको. निवडक किश्श्यांची छोटी पुस्तिका काढ, यात्रेत विक. ज्याला किस्से आवडतात त्याचेच पैसे घे.

आणि वार पाळ. दिवाळीत चाळीस दिवस काही टाकलं नाहीस आणि वर विचारतेस की लोक का येत नाहीत! शुक्रवार म्हटलं की शुक्रवार. वीज गेली तर दुपारीच टाक.

तुझा तो सोयाबीनच्या पंचनाम्याचा किस्सा मी टपरीवर तिघांना सांगितला. शेवटचं वाक्य माझ्याकडून बिघडलं. तेवढं शिक्का न मारता परत पाठव, उद्या सकाळी नीट वाचून दाखवायचं आहे.

तुझा काका