केअर सेंटरमध्ये रोज आरती आणि प्रवचन असते. आईच्या मनाला तेवढा आधार पुरेल का?

नाशिकमधील एका केअर सेंटरमध्ये आईला ठेवण्याचे ठरत आहे, तेथील व्यवस्थापकांनी दोन वेळची आरती, गुरुवारचे प्रवचन आणि एकादशीचे भजन अशी यादी दाखवून ‘आमच्याकडे आध्यात्मिक वातावरण आहे’ असे सांगितले आहे, आणि भावनिक व आध्यात्मिक आधार म्हणून हे पुरेसे आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पुरेसे नाही. जेवण, डायपर, फिजिओथेरपी आणि रात्रपाळीचा माणूस यांची चौकशी आपण केलीच असेल, म्हणून त्यात शिरत नाही.

माझे वडील, म्हणजे नाना, अर्धांगवायूच्या झटक्यानंतर अखेरपर्यंत अशाच एका सेंटरमध्ये होते. ते नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालेले आणि युनियनच्या सभांत मुरलेले गृहस्थ होते. घरातला देव्हारा आईचा होता. नानांनी त्याला कधी विरोध केला नाही आणि त्यापुढे हातही जोडले नाहीत. सेंटरमध्ये मात्र संध्याकाळी सहा वाजता सर्वांना व्हीलचेअरवर बसवून हॉलमध्ये आणत आणि ध्वनिवर्धकावर आरती सुरू होई. नाना डोळे मिटून घेत, कधी जेवण नाकारत, कधी आणणाऱ्या माणसावर ओरडत. त्यांच्या फाईलवर ‘सहकार्य करत नाहीत’ असा शेरा पडला आणि काही दिवसांनी रात्रीची झोपेची गोळी सुरू झाली. माझी थोरली बहीण, ताई, एका संप्रदायाची निष्ठावंत साधक आहे. तिला या व्यवस्थेत काही वावगे वाटले नाही. ‘आयुष्यभर देवाकडे पाठ फिरवली, आता निदान कानावर तरी पडू दे,’ असे ती म्हणे.

पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते, आणि वृद्धांमधले नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडेपणात, जेवण टाकण्यात आणि अंग दुखण्याच्या तक्रारींत अधिक दिसते, हे वैद्यकशास्त्रात नवे नाही. ते तपासण्यासाठी ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर लागणाऱ्या पंधरा प्रश्नांची एक सर्वमान्य प्रश्नावली आहे. तिला फार तर दहा मिनिटे लागतात. सेंटरमध्ये तेवढा वेळ कोणी काढला नव्हता. माझ्या आग्रहावरून बाहेरचे मनोविकारतज्ज्ञ आले, तेव्हा ती विचारली गेली आणि योग्य औषध सुरू झाले.

नानांना बोलते मात्र औषधाने केले नाही. ते काम पेठ तालुक्यातून आलेल्या एका मामांनी केले, ज्यांच्याकडे अंघोळ घालण्याचे आणि कूस बदलण्याचे काम होते. पावसाळा होता, गंगापूर धरणातून पाणी सोडले होते, आणि पंचवटीत वाढलेल्या नानांनी अडखळत विचारले, ‘मारुतीला पाणी कुठवर आलंय?’ गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीवरून पुराची उंची सांगणे ही नाशिकची जुनी रीत आहे. आकडे वर्तमानपत्रात येतात, पण माणसे गुडघा, कंबर, छाती असेच विचारतात. मामा कामावर येताना पुलावरून येत. दुसऱ्या दिवशी त्यांनी खोलीत पाऊल टाकताच सांगितले, ‘आज कमरेला, नाना.’ त्यानंतर पाऊस ओसरेपर्यंत हा अहवाल चुकला नाही. नाना सकाळी त्याची वाट पाहू लागले, आणि वाट पाहणारा माणूस नाश्ता नाकारत नाही.

त्याच ओघात 1969 चा महापूर निघाला. नाना तेव्हा तरुण होते आणि नोकरीत नवे होते. पाणी चढत असताना ते कामावर अडकले आणि त्यांच्या आईला शेजाऱ्यांनी माडीवर नेले. आजी वाचली, घरातले सारे वाहून गेले, आणि ‘तू आला नाहीस’ हे आजी कधी बोलली नाही. तिने ते बोलावे, असे नानांना जन्मभर वाटत राहिले होते. आम्हा मुलांना यातले अक्षरही ठाऊक नव्हते. मामांनी ही हकीकत पुन्हा पुन्हा ऐकली. ‘जाऊ द्या, आता कशाला आठवता’ असे ते म्हणाले नाहीत आणि उपदेशही केला नाही. ज्याला आपण आध्यात्मिक आधार म्हणतो, तो त्या सेंटरमध्ये मला एवढाच दिसला आणि तो छापील यादीत नव्हता.

ताईला हे कळल्यावर तिने दोन निष्कर्ष काढले. एक, नानांना प्रायश्चित्ताची गरज आहे, म्हणून गुरुजींना बोलवावे. दोन, नाना रोज मारुतीचे नाव घेतात, म्हणजे अखेरीस ते श्रद्धेकडे वळले. दुसरा निष्कर्ष ती आजही नातेवाइकांना सांगते, म्हणून येथे लिहून ठेवतो: पुराच्या दिवसांत दुतोंड्या मारुतीची चौकशी करणारा प्रत्येक नाशिककर भक्त ठरवायचा असेल, तर या शहरात एकही नास्तिक उरणार नाही. नानांना आपल्या आईविषयी बोलायचे होते. त्या वेदनेला त्यांनी देवाचे नाव दिले नाही, म्हणून ती वेदना कमी प्रतीची होत नाही.

हा केवळ माझा हट्ट नव्हे. लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांचे शुश्रूषाकेंद्र, सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स अतिशय श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. शरीराचे, मनाचे, नात्यागोत्यांचे आणि आयुष्याच्या अर्थाविषयीचे दुःख रुग्णाच्या एकाच वेदनेत मिसळलेले असते, ही मांडणी त्यांचीच. तरीही कोणताही धर्म न मानणाऱ्यासाठी त्यांच्या संस्थेचे दार उघडे होते. श्रद्धेत त्या ताईपेक्षा उण्या होत्या, असे ताईसुद्धा म्हणणार नाही. नेदरलँड्समध्ये तर शुश्रूषागृहांत धर्मगुरूंच्या बरोबरीने मानवतावादी समुपदेशकही काम करतात.

तेव्हा सेंटर पाहायला जाल, तेव्हा आरती किती वाजता असते हे विचारू नका. ज्याला यायचे नसेल तो त्या वेळी कोठे असतो, ते विचारा. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांचा 1976 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग अमेरिकेतल्या शुश्रूषागृहात झाला होता. एका गटाला आपल्या खोलीचे व वेळेचे निर्णय स्वतः घेण्यास सांगून एकेक रोप सांभाळायला दिले. दुसऱ्या गटालाही रोप दिले, पण त्याची आणि त्यांची काळजी कर्मचारी घेतील असे सांगितले. पहिला गट अधिक उत्साही व सावध राहिला. भजन स्वतःहून ऐकणे आणि व्हीलचेअर ढकलत भजनाला नेले जाणे यांत तेवढाच फरक आहे. नानांच्या शेजारच्या खोलीत शरणपूरकडच्या एक ख्रिस्ती आजी होत्या. रविवारी पाद्रीसाहेबांनी येऊन प्रार्थना करावी एवढीच त्यांची मागणी होती, पण ‘एकाला परवानगी दिली की सगळे मागतील’ या कारणाने ती लांबत राहिली. सगळ्यांनी मागितले असते, तर काय बिघडले असते?

आपल्या आई भाविक असतील, तर माझे बरेचसे लिहिणे त्यांना लागू पडणार नाही, हेही सांगितले पाहिजे. त्यांचा रोजचा हरिपाठ त्यांना त्यांच्या वेळी म्हणता यावा आणि छोटा देव्हारा खोलीत ठेवता यावा, एवढे पाहा. स्मृतिभ्रंश असेल, तर लहानपणी पाठ झालेले अभंग बाकी बरेच काही विसरल्यावरही टिकतात, आणि तेव्हा सामुदायिक भजनाचा खरा उपयोग होतो. मामांसारखा माणूस मिळाला म्हणून नैराश्यावरचे औषध टाळू नये. शंका आल्यास टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे, आणि ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी 14567 आहे.

आणखी एक चौकशी व्यवस्थापकांना आवडणार नाही, पण करावी. मामा-मावशांची मजल्यावरची ड्युटी किती दिवसांनी बदलते? आमच्याकडे ती बदलली, आणि नानांना नव्या माणसापुढे तोंड उघडायला पुन्हा बराच काळ लागला. आईच्या खोलीवर दिवसपाळीला काही महिने तरी एकच माणूस राहील, असे लेखी मागा; देत नसतील, तर नाशिकमध्ये दुसरी सेंटरे आहेत.