पणजीतल्या हॉटेलच्या एकाच खोलीत भुताचा लघुपट करायचा आहे. कमी खर्चात भीती कशी आणावी?

छतावरचे दिवे बंद करा, पलंगाशेजारचा एकच चालू ठेवा. भिंती पांढऱ्या असतील तर उजेड उसळून सावली मरते; कॅमेऱ्यात न येणाऱ्या भिंतीवर काळं कापड लावा. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून कॅमेऱ्यात सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद ठेवा, नाहीतर चित्रणात दिवे लुकलुकतात.

खरी भीती आवाजात असते. एसी, फ्रिज बंद करून रिकाम्या खोलीचा मिनिटभर आवाज वेगळा घ्या. संकलनात त्याच शांततेवर दाराच्या कडीची खुट्ट टाकली की प्रेक्षक हमखास दचकतो.

पावसाळ्यात एसीतून कॅमेरा थेट व्हरांड्यात नेलात तर लेन्सवर वाफ धरते. बाहेर नेल्यावर अर्धा तास तो बंद बॅगेतच राहू द्या.