समुद्रात पाइल (पायासाठी तळात रोवायचा लांब पोलादी खांब) ठोकायला हॅमर भाड्याने मिळतो, मग प्रत्येक प्रकल्पाला वेगळी यंत्रं कशाला?

हॅमर भाड्याने मिळतो हे खरं. एका घावाला 4000 किलोज्यूल ऊर्जा देणारासुद्धा मिळतो, सोबत चालवणारी माणसंही येतात. मी नेदरलँड्समध्ये समुद्री पवनचक्क्यांच्या पायाभरणीची साधनं डिझाइन करतो. आमच्याकडे हॅमरचा ताप सगळ्यात कमी. खरा ताप पाइल धरण्याचा.

मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रात जॅकेट प्लॅटफॉर्मचे, म्हणजे पोलादी सांगाड्यावर उभ्या प्लॅटफॉर्मचे, पाइल त्याच्या पायांतून किंवा पायाशी जोडलेल्या नळ्यांतून ठोकतात, म्हणजे सरळ ठेवायचं काम जॅकेटच करतं. पवनचक्कीच्या मोनोपाइलला, म्हणजे अख्खी पवनचक्की पेलणाऱ्या एकाच जाड पाइलला, असा आधार नाही. जर्मनीजवळ बाल्टिक समुद्रात 2022 साली 'आर्कादिस ओस्ट 1' या पवनचक्की प्रकल्पासाठी बसवलेले मोनोपाइल 110 मीटरपर्यंत लांब आणि 2000 टनांच्या घरातले होते. उभ्या रेषेपासून कल चालतो साधारण पाव अंश. 100 मीटर लांबीला म्हणजे वरचं टोक जेमतेम 44 सेंटीमीटर सरकलेलं.

म्हणून जहाजाच्या कडेला ग्रिपर बसवतात: पाइलभोवती मिटणारं पोलादी कडं, आतून हायड्रॉलिक सिलिंडरवरचे रोलर. जहाज पाय रोवून पाण्याबाहेर उचललेलं असेल तर काम सोपं. आर्कादिसला मात्र जहाज तरंगतं होतं. लाटेने जहाज जितकं हलेल तितकं ग्रिपरने उलटं हलायचं, तेही पाइलला रेटा न देता. पाइलचा व्यास, जहाजाचा डेक, लाटा, यातलं काही बदललं की जुनं डिझाइन जसंच्या तसं चालत नाही.

आणि माती! पाइल आधी स्वतःच्या वजनानेच काही मीटर रुततो, मग हॅमर लागतो. कडक थराखाली मऊ चिकणमाती असली तर एखाद्या घावानंतर पाइल थांबतच नाही, हॅमरसकट खाली सुटतो. क्रेनच्या दोराला पुरेशी ढील नसेल तर तो सगळा हिसका क्रेनला बसतो. त्यामुळे कुठलंही चित्र काढण्याआधी मी बोअरहोलचा, म्हणजे तळात भोक पाडून तपासलेल्या मातीच्या थरांचा, अहवाल मागवतो.

हल्ली पाइलच्या माथ्यावर बोल्टचा फ्लँज (जोडणीची सपाट कडा) असतो आणि हॅमर त्याच फ्लँजवर आपटतो. पुढे त्यावरच टॉवर बसायचा असल्याने पृष्ठभाग खराब होऊन चालत नाही, म्हणून हॅमरखालचा अॅनव्हिल (घाव पाइलपर्यंत पोचवणारा पोलादी ठोकळा) त्या फ्लँजच्या मापाचाच करून घ्यावा लागतो. घाव चालू असताना पाइलला टेकलेल्या साधनांचे बोल्ट, होज, सेन्सर सगळे हादरत असतात. कागदावर देखणी दिसणारी ब्रॅकेटं इथेच मोडतात.

आवाजाचंही बंधन आहे. जर्मनीत 750 मीटरवर एका घावाचा ध्वनी 160 डेसिबलच्या आत हवा, म्हणून तळाशी भोकांच्या नळ्या अंथरून हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडतात.

लोड टेस्टला कोणी औपचारिकता म्हणू नये. आर्कादिसला गेलेल्या त्याच जहाजाच्या क्रेनचा हूक मे 2020 मध्ये रोस्टॉक बंदरात चाचणी चालू असतानाच तुटला आणि क्रेन मागे कोसळली.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, तिसऱ्या वर्षाला मेकॅनिकलला असताना काय शिकावं. फटीग (वारंवार ताण बसून धातूला तडे जाणं) आणि वेल्डिंग पक्कं करा, हायड्रॉलिक्सचा पेपर ऑप्शनला टाकू नका, आणि जमलं तर सिव्हिलच्या वर्गात बसून मृदा यांत्रिकी ऐका. सॉफ्टवेअर नोकरीत शिकवतात.