टक्के कमी, पण उधारीची वही चोख

प्रश्न : ताई, मी दारव्हा तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका खेड्यातला. वय 24. बारावीला 47 टक्के. बी.कॉम.ला दोनदा एटीकेटी लागली, तीन वर्षांची डिग्री पाच वर्षांत निघाली, तीही 49 टक्क्यांवर. दीड वर्षापासून एका कृषी सेवा केंद्रात बसतो. बिलं आणि उधारीची वही माझ्याकडे असते. मला बँकेत किंवा फायनान्समध्येच काम करायचं आहे, पण जिथं जातो तिथं आधी टक्के विचारतात. एक क्लासवाला म्हणतो, दोन लाख भर, बँकेत नोकरीची हमी. बाबा म्हणतात, वावर पाहा. माझ्यासाठी वाट उरली आहे का?
— एक वाचक

उत्तर : बेटा, तुझ्या पत्रात टक्के तीनदा आले आणि उधारीची वही एकदाच, तीही जाता जाता. माझी नजर त्या वहीवरच थांबली.

आधी ते दोन लाख. देऊ नकोस. बँकेत शिरायचं ते परीक्षा देऊन. हमीच्या नावावर पैसे मागणारा माणूस तुझ्या घाबरलेपणाचे पैसे मागतो आहे. दोन लाखांत बाबांचा पुढचा हंगाम उभा राहतो.

मी स्वतः बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला अकाउंटन्सीतच नापास झाले होते. घरी कोणी रागावलं नाही, पण माझ्या शिक्षणाबद्दल कोणी बोलेनासं झालं, आणि तेच जास्त लागलं. तेव्हा सहकारी संस्थांचं ऑडिट करणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनी मला व्हाउचर तपासायला सोबत नेलं. पहिल्याच महिन्यात एका सेवा सोसायटीत रोकड मोजली. किर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, हातची शिल्लक 8,640 रुपये, पेटीत 8,215. फरक 425 रुपयांचा. सोसायटीचा हिशेब सांभाळणाऱ्या गटसचिवांचा चेहरा उतरला, बाहेर बसलेले संचालक आपसात बोलू लागले. सरांनी सगळं दफ्तर माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, शोध. दोन दिवसांनी खताच्या साठा रजिस्टरात, दोन पानांच्या मध्ये, हमालीचं व्हाउचर चिकटलेलं सापडलं. रक्कम 425, वार रविवार. ट्रक सुट्टीच्या दिवशी आला, सचिवांनी पेटीतून हमाली दिली आणि सोमवारी किर्दीत नोंद करायची राहून गेली. त्या माणसानं डोळे पुसले ते मी अजून विसरले नाही. ज्या विषयात मी नापास झाले, तो विषय मला त्या रजिस्टराच्या पानांत कळला.

आता तुझं. मुंबईच्या मोठ्या वित्त कंपन्या थेट नामांकित कॉलेजांतून मुलं उचलतात. तिथं आज तुझा अर्ज पुढं सरकणार नाही, हे तुला खोटा धीर न देता सांगते. सी.ए.ला पदवीवरून थेट प्रवेश घ्यायला वाणिज्य शाखेत 55 टक्के लागतात, म्हणजे तोही रस्ता बंद. फाउंडेशन परीक्षेवरून मात्र बारावी पास कोणालाही जाता येतं. तिथं प्रत्येक पेपरात 40 आणि एकूण 50 टक्के लागतात. पण ती अनेक वर्षांची तपश्चर्या आहे. घरी तेवढा दम असेल तरच विचार कर.

तुझ्यासाठी मला सगळ्यात जवळची वाटते ती ग्रामीण बँकांची परीक्षा. बँकभरतीच्या परीक्षा घेणारी आयबीपीएस ही संस्था ती घेते. ऑफिस असिस्टंट पदाला कोणत्याही शाखेची पदवी चालते, टक्क्यांची अट नाही, मुलाखतही नाही. वयाची मर्यादा 28, राखीव प्रवर्गांना सवलत. म्हणजे तुझ्या हातात वर्षं आहेत, पण मोजकीच. पूर्वपरीक्षेत बुद्धिमत्ता आणि अंकगणित, 80 प्रश्न, 45 मिनिटं. ती मराठीतून देता येते. चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो, म्हणून अंदाजानं गोळ्या मारू नकोस. विदर्भ कोकण ग्रामीण बँक 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एक झाली आहे, तेव्हा नेमणूक मराठवाड्यात मिळो की कोकणात, जायची तयारी ठेव. रोज पहाटे दोन तास, घड्याळ लावून. कोणाचे जुने मार्क त्या 45 मिनिटांत आडवे येत नाहीत.

आणि एक परीक्षा जिच्याबद्दल आपल्याकडची मुलं फार कमी विचारतात : जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका, राज्याच्या सहकार खात्याची. कोणताही पदवीधर बसू शकतो. साधारण मे महिन्यात होते, सहा पेपर असतात. हिशेब, ऑडिट, सहकारी कायदा हे त्यातले मुख्य विषय. मी नापासाच्या शिक्क्यानंतर हीच दिली. पुढं अनुभव गाठीशी आला की सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षकांच्या नामतालिकेसाठी (ऑडिटरांच्या सरकारी यादीसाठी) अर्ज करता येतो. पतसंस्था, सेवा सोसायट्या, खरेदी-विक्री संघ या सगळ्यांचं दरवर्षी ऑडिट व्हावंच लागतं. ते काम तालुक्यातच असतं. त्यासाठी आतापासून दारव्ह्यात किंवा यवतमाळात एखाद्या कर सल्लागाराकडं किंवा ऑडिटरकडं संध्याकाळचं बसायला सुरुवात कर. पगार कमी देतील, पण टॅली, जीएसटीची विवरणं, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांचा तक्ता) जुळवणं हे हाताला लागेल.

मायक्रोफायनान्स कंपन्यांत फील्ड ऑफिसरची नोकरी लवकर मिळते, बारावी आणि गाडीचं लायसन पुरतं. कर, पण डोळे उघडे ठेवून. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांप्रमाणे घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून त्या घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त असू नयेत. मुलाखतीला गेलास की विचार, हे तुम्ही कसं तपासता? उत्तर गुळमुळीत आलं तर उठून ये. वसुलीसाठी ज्या बाईच्या अंगणात उभं राहशील ती कोणाची तरी मावशी असते, आणि तुला त्याच गावांत राहायचं आहे.

आता तुझ्या वहीकडं येते. कास्तकार जूनमध्ये बियाणं नेतो आणि पैसे कापसाचा चुकारा हाती आल्यावर देतो. हे तुला कोणी शिकवलं नाही, तरी ठाऊक आहे. बँकेचा नियम त्याच समजुतीवर उभा आहे. इतर कर्जाचा हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा, होतं. कापूस-सोयाबीनसारख्या कमी मुदतीच्या पिकाच्या कर्जाला मात्र दोन हंगाम थांबतात. शहरात वाढलेल्या मुलाला हे पाठ करावं लागतं. तू काउंटरवर बसून रोज पाहतोस. मार्चअखेरीला गावात कर्जाचं नवं-जुनं करायची, म्हणजे जुनं भरून लगेच नवं उचलायची, धावपळ कशी चालते, कोणाचा फेरफार अडला म्हणून सातबारावर नाव चढत नाही, हेही तुला माहीत असणार.

म्हणून एक काम कर. मालकांची परवानगी घे आणि मागच्या खरिपाची उधारी वेगळ्या कागदावर उतरव. माणसांची नावं लिहू नकोस, क्रमांक दे. माल नेल्याची तारीख, रक्कम, पैसे आल्याची तारीख, मध्ये किती दिवस गेले. मग पाहा, सगळ्यात उशिरा देणारे कोण आहेत : कोरडवाहूवाले की ओलितवाले, मोठ्या रकमेचे की लहान. त्यावर अर्धं पान लिही. कुठंही मुलाखतीला बसलास आणि टक्के विचारले, तर एटीकेटी लपवू नकोस. कोणत्या विषयात लागली आणि पुढं तो कसा सोडवलास ते दोन वाक्यांत सांग, आणि तो कागद पुढं ठेव.

बाबांना म्हण, पेरणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत वावरात येतोच, बाकीचं दीड वर्ष मला द्या. आणि तो उधारीचा कागद तयार झाला की त्याची एक प्रत मला मासिकाच्या पत्त्यावर पाठव. मी लाल पेनानं तपासून परत धाडीन.