टीटी-०२ ला पुढे डॉगबोन, सीव्हीडी की डबल कार्डन?

प्रश्न वाचला. टॅमियाची टीटी-०२ ही रिमोटवरची (आरसी) गाडी आहे, फुल लॉकला (चाकं पूर्ण वळतील इतकं) स्टिअरिंग मारून थ्रॉटल दिला की पुढून टर्रर्र आवाज येतो, आणि दुकानदार म्हणतोय चारही चाकांना युनिव्हर्सल शाफ्ट (चाकाला ताकद पोचवणारा जॉइंटवाला दांडा, सीव्हीडी त्यातलाच) टाक. भावा, थांब जरा, चारही नको.

आधी फुकटातलं करून बघ. रिमोटवर स्टिअरिंगचा ईपीए (चाक जास्तीत जास्त किती वळेल ते ठरवणारं सेटिंग) थोडा कमी कर. आवाज गेला तर शाफ्टचा कोन जास्त होत होता एवढंच, गाडी तशीही फुल लॉकला वळण्यापेक्षा घासतच जास्त जाते. मग गाडी बंद करून पुढची बाजू उचल, फुल लॉक कर आणि चाक हाताने हळूहळू फिरव. कुठे खटकन अडकतंय का? अडकत असेल तर कपाच्या (शाफ्टचं टोक ज्यात बसतं त्या वाटीच्या) खाचा बघ, डॉगबोनची (साध्या शाफ्टची) पिन घासून घासून तिथे खड्डा पडतो आणि त्याच खड्ड्यात ती बसते. अशा कपात नवीन शाफ्ट घातलास तरी आवाज तसाच राहणार, कप बदलावाच लागतो.

आता शाफ्टचं. डॉगबोन म्हणजे दोन्ही टोकांना गोळा आणि आरपार पिन, कपात नुसता सैल बसलेला. स्वस्त, पटकन बदलता येतो, पण कोन वाढला की पिना कपाच्या कडेला अडकायला लागतात आणि जोरात धडक बसली की उडून गवतात जातो, मग शोधत बसा. सीव्हीडीत चाकाकडचा जॉइंट पिनने अ‍ॅक्सललाच जोडलेला असतो, त्यामुळे तिकडचा खुळखुळ जातो आणि कोन जास्त झेपतो. डिफकडचं (डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या डब्याकडचं) टोक मात्र डॉगबोनसारखंच राहतं. पण एक लक्षात घे, नाव काहीही असलं तरी हा सिंगल जॉइंटच आहे. ३० अंशांच्या कोनात चाक एका फेऱ्यात दोनदा साधारण १५ टक्के जोरात आणि दोनदा १३ टक्के हळू फिरतं. सस्पेन्शनमुळे पडलेला कोन दोन्ही टोकांना सारखा असतो म्हणून तो हिशोब आपसात मिटतो, पण स्टिअरिंगचा कोन फक्त चाकाकडच्या टोकाला पडतो, तो मिटवायला कोणी नाही. डबल कार्डनमध्ये एकाशेजारी एक दोन जॉइंट असतात, कोन अर्धा अर्धा वाटला जातो आणि चाक एकसारखं फिरतं. टूरिंग कार रेसिंगवाले पुढे डिफऐवजी स्पूल (दोन्ही चाकं एकत्र जखडणारा भाग) लावतात त्यांना ते लागतंच. तुझा डिफ ओपन (दोन्ही चाकं मोकळी फिरू देणारा) असेल तर माझ्या मते पैसे वाया, सीव्हीडी बास झाला. मागे चाक वळतच नाही, तिथे डॉगबोन निवांत राहू दे.

तुझ्या मित्राच्या स्लॅश टूडब्ल्यूडीचं (ट्रॅक्ससचा फक्त मागच्या चाकांवर चालणारा आरसी ट्रक) वेगळंय. तिथे सस्पेन्शनचा ट्रॅव्हल मोठा म्हणून एकात एक सरकणारे प्लॅस्टिक शाफ्ट येतात. ब्रश्ड मोटरवर मस्त चालतात, जास्त ताकदीची ब्रशलेस मोटर आणि ३एस (तीन सेलची) बॅटरी टाकली की पिळवटतात, मग स्टीलचे घ्यायचे.

सीव्हीडी बसवताना मधला ग्रब स्क्रू (डोकं नसलेला छोटा स्क्रू) सोडवून तेल पुसून काढ, निळं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावूनच परत घट्ट कर. एम३ चा असेल तर १.५ ची अ‍ॅलन की लागते, आणि झिजलेली की वापरून त्याची खाच घालवलीस तर मग ड्रिलच. हा स्क्रू ढिला झाला की पिन हळूहळू बाहेर सरकते आणि नकलला (चाक धरणाऱ्या भागाला) आतून खरवडते. वरून हीट श्रिंकचा (गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीचा) छोटा तुकडा घाल, पिन अडून राहते. ग्रीस थेंबभरच आणि तेही डांबरावर चालवत असशील तर, मातीत चालवणार असशील तर कोरडंच ठेव नाहीतर वाळू चिकटून पॉलिश पेपर होतो त्याचा.

ऑर्डर करण्याआधी जुन्या डॉगबोनची एका पिनच्या मध्यापासून दुसऱ्या पिनच्या मध्यापर्यंतची लांबी व्हर्नियरने मोज. टीटी-०१ चे (आधीच्या मॉडेलचे) शाफ्ट बसतात की नाही हे इथे कुणाला विचारत बसू नकोस, मोजून घे. बसवल्यावर आर्म पूर्ण वर दाबून शाफ्ट डिफमध्ये ठोकत नाही ना आणि पूर्ण खाली सोडून कपातून निसटत नाही ना, एवढं बघ आणि मग बॅटरी लाव.