पुण्याहून गोव्यात राहायला येतोय. रोज चालायला डोंगर मिळेल असं घर कुठे बघू?

तुम्ही लिहिलंय की लेखनाचं काम घरूनच असतं, शनिवार-रविवार सह्याद्रीत जातो, आणि गोव्यात समुद्राशिवाय काय मिळणार ही धास्ती आहे. मीही लिहिणाराच. अकरा वर्षांत इथली चार घरं बदलली, म्हणून उत्तर द्यायचं धाडस करतो.

उंचीची अपेक्षा मात्र तिकडेच ठेवून या. गोव्यातलं सगळ्यांत उंच टोक म्हणजे सत्तरी तालुक्यातला सोसोगड, हजार मीटरहून थोडाच उंच. कळसूबाईचे 1,646 मीटर चढून आलेल्याला हे किरकोळ वाटेल. शिवाय ऐन पावसात धबधब्यांच्या वाटांवर वन खात्याची बंदी येते, ती पाळा. जंगलातल्या जळवा तेवढ्या बंदी पाळत नाहीत.

रोजच्या चालण्यासाठी इथे सडे आहेत. गावामागची घाटी चढलात की वर सपाट, उघडा जांभा. मे महिन्यात तो इतका करपलेला असतो की पहिल्या वर्षी मी वैतागून चालणंच सोडलं होतं. ऑगस्टमध्ये सहज वर गेलो तर पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे सीतेची आसवं, आणि गुडघे टेकून पाहिलं तर लालसर दवबिंदू. दोन्ही वनस्पती किडे खातात, कारण त्या कातळावर माती नावालाच असते. परदेशातल्या डोंगरांवरही फिरलोय, पण पोटावर पडून पाहावा असा डोंगर मला इथेच भेटला.

आता घरं. पहिलं बार्देशात, किनाऱ्याजवळ. अकरा महिन्यांचा करार होता, पण ऑक्टोबर उजाडला आणि पर्यटकांचं भाडं दिसल्यावर मालकाला अचानक भाचीचं लग्न आठवलं. दुसरं पर्वरीला. मागे छान सडा होता. मी असतानाच त्यावर इमारती चढल्या. तिसरं फोंड्याकडे, कुळागराला लागून. सावली, पाटाचं पाणी, सुपारीच्या ओळी, स्वर्गच म्हणा, पण पुस्तकांना अशी बुरशी धरली की अर्धं कपाट फेकून द्यावं लागलं. आता सत्तरीत, वाळपईच्या पलीकडे आहे. दुकान लांब, नेट लहरी, पण मागच्या दारातून निघालं की वीस मिनिटांत रान.

घर सोडताना फार जीवावर आलं की मी दिवाडी बेटावर जातो. जुन्या गोव्याच्या बाजूने फेरीबोट, मग बेट पायी ओलांडायचं, खाजनांच्या, म्हणजे बांध घालून खाडीचं पाणी अडवलेल्या शेतांच्या, बांधावरून बगळे बघत, आणि पलीकडच्या फेरीने नार्वे. तिथला सप्तकोटेश्वर मूळचा या दिवाडीचाच. पोर्तुगीज काळात देवाला नदीपार हलवलं, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. मंगेशीचा मंगेशही मूळचा कुठ्ठाळीचा. इथे देवांनीही बिऱ्हाडं हलवलीत. आपले पुस्तकांचे खोके ते काय!

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: सत्तरी किंवा फोंडा तालुक्याची पूर्वेकडची गावं बघा. रोज पणजीला जाणं भाग असेल तर ताळगाव-बांबोळीच्या पठाराकडे बघा, पण तिथे गाड्यांचा धूर गृहीत धरा. भाडं विचारण्याआधी त्या घरातून निघून अर्धा तास चाला. हमरस्त्याशिवाय वाटच नसेल तर दुसरं घर शोधा. आणि वाटेवरच्या कुत्र्यांशी पहिल्याच दिवशी बिस्किटाने ओळख करून घ्या.

घर बघायला जुलैतच या. ऑक्टोबरात सगळीच घरं देखणी दिसतात. कुठली भिंत ओल धरते आणि मागची पायवाट ओढ्याखाली जाते का, हे जुलैतच कळतं.